घरी शिकणाऱ्या पोरांचा इतिहास: सनावळ्या राहू द्या, आधी "हे कशावरून?" विचारायला लावा

होमस्कूलिंग सुरू केलं की गणित, भाषा, सायन्स कसंतरी मार्गी लागतं, पण इतिहासाला बऱ्याच घरांत गाडी अडते. कारण आपल्याला जसा शिकवला तसाच आपण शिकवायला जातो, धडा वाचायचा, खालचे प्रश्न सोडवायचे, सनावळ्या पाठ करून घ्यायच्या, झाला इतिहास. शाळेत निदान वर्गभर पोरं असतात, शेजारच्याशी खुसफुस तरी होते, घरी आई समोर आणि पोर समोर, त्यामुळे कंटाळा दुप्पट.

माझं म्हणणं एवढंच आहे की इतिहास म्हणजे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेली उत्तरं असं एकदा मुलांच्या डोक्यात बसलं की संपलं. तेच त्यांना जर कळलं की ही सगळी माहिती कुणीतरी दगड वाचून, खड्डे खणून, जुनी कागदपत्रं चाळून शोधून काढलीय आणि आपल्यालाही थोडीफार शोधता येते, तर पोरं स्वतःच मागे लागतात. म्हणून आमच्याकडे इतिहासात कुठलीही गोष्ट निघाली की एक प्रश्न ठरलेला, हे कशावरून? मुलं आम्हाला विचारतात, आम्ही मुलांना विचारतो, आणि खाली जे काही लिहितेय ते सगळं त्या प्रश्नाच्याच आजूबाजूला आहे. आमची मोठी अकरा वर्षांची आणि धाकटा आठचा, राहायला पुणे जिल्ह्यात, त्यामुळे उदाहरणं इकडची जास्त येतील, तुम्ही तुमच्या भागातली घाला.

गावातल्या दगडापासून सुरुवात करा

पहिला धडा पुस्तकातून घेऊच नका. तुमच्या किंवा आजोळच्या गावात मारुतीच्या देवळापाशी, वेशीजवळ, एखाद्या जुन्या महादेवाच्या मंदिराच्या आवारात उभे कोरीव दगड पडलेले असतात, कुणी शेंदूर फासलेला असतो, कुणी त्यावर कपडे वाळत घातलेले असतात. त्यातले बरेच वीरगळ असतात, म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाचं स्मारक. आणि वीरगळ मुलांसाठी फार भारी आहे कारण तो चक्क चित्रकथेसारखा वाचता येतो, फक्त खालून वर वाचायचा.

सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला दिसतो, कधी शेजारी गाई कोरलेल्या असतात, गाई असतील तर गावाची जनावरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो गेला असं समजतात. त्याच्या वरच्या चौकटीत लढाई, ढाल तलवार, कधी घोडा. त्याच्यावर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो, आणि माथ्यावर चंद्र सूर्य, म्हणजे चंद्र सूर्य असेपर्यंत ह्याची कीर्ती राहील. चौकटी कधी तीन असतात कधी चार, क्रम मात्र साधारण हाच. शेजारीच कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड दिसला तर ती सतीशिळा. ह्याबद्दल आठ वर्षाचं मूल विचारणारच, आणि विचारलं की खरं सांगायचं, टाळायचं नाही.

हे सगळं तुम्ही आधी सांगू नका हं. आधी मुलांना दगडासमोर बसवा, वही द्या, जसं दिसतंय तसं काढायला सांगा. काढताना डोळे नीट बघतात. मग विचारा, हा झोपलाय का मेलाय, कशावरून? ह्या बायका कोण, उडतायत असं का वाटतंय? पोरं जे तर्क लढवतात ते ऐकण्यासारखे असतात, आणि त्यानंतर खरा अर्थ सांगितला की तो आयुष्यभर विसरत नाहीत. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, तिरक्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं, झाकोळलेलं असेल तर बाजूनं मोबाईलचा टॉर्च मारा. खडू घासायचा नाही, तेल पाणी ओतायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी.

बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. कुणासाठी उभारला, कुणी पैसे दिले, काही माहीत नाही. मुलांना हे खटकतं, आणि ते खटकलंच पाहिजे, कारण इतिहासात राजांची नावं राहिली आणि बाकीच्यांची का नाही हा प्रश्न तिथेच रुजतो.

काळ मोजायला भिंत वापरा

"दोन हजार वर्षांपूर्वी" आणि "चारशे वर्षांपूर्वी" हे लहान मुलांच्या कानाला सारखंच, दोन्ही म्हणजे फार पूर्वी. ह्याला साधा उपाय आहे. दुकानात बिलं छापायला वापरतात तो कागदाचा रोल आणा, दहा सेंटिमीटरला शंभर वर्षं असं माप धरा आणि भिंतीवर लांब पट्टी चिकटवा. उजव्या टोकाला आज. आता मुलांना मोजायला लावा. स्वातंत्र्य मिळून अजून आठ सेंटिमीटरसुद्धा झालेले नाहीत. शिवाजी महाराजांचा जन्म साधारण चाळीस सेंटिमीटरवर. कार्ल्याची लेणी दोन मीटरवर, पार दाराच्या चौकटीपाशी. आणि शिरूर तालुक्यातलं इनामगाव, जिथे घोड नदीच्या काठी शेती करणाऱ्या लोकांची वस्ती होती, ते साडेतीन मीटरच्याही पुढे, आमच्याकडे ते बाहेरच्या खोलीत गेलं. लेणी खोदणाऱ्यांपासून महाराजांपर्यंतचं अंतर हे महाराजांपासून आपल्यापर्यंतच्या अंतराच्या चौपट आहे, हे मोठ्या माणसांनाही पट्टी बघेपर्यंत जाणवत नाही.

पट्टीवर नुसत्या तारखा लिहू नका, ज्या गोष्टी मुलांनी बघितल्या, खाल्ल्या, कुणाकडून ऐकल्या त्याच चिकटवा. आजीचा जन्म, आपलं घर बांधलं ते साल, बघून आलेला किल्ला. रिकाम्या जागा राहू द्यात, भरायची घाई नको.

इनामगावचं निघालंच आहे तर तेही सांगते, कारण ते "कशावरून" साठी एक नंबर आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे बरीच वर्षं खोदकाम केलं, तेव्हा एका घरात चार पायांचा, फुगीर पोटाचा मातीचा मोठा रांजण सापडला आणि त्याच्या आत एक माणूस मांडी घालून बसवलेल्या स्थितीत पुरलेला होता. घर इतरांपेक्षा मोठं, पाच खोल्यांचं, शेजारी धान्य साठवायची जागा. त्यावरून संशोधकांनी अंदाज बांधला की हे घर गावाच्या प्रमुखाचं असावं. इथे थांबा आणि मुलांना भांडू द्या. प्रमुखच कशावरून? श्रीमंत सावकार का नाही? गावाचं सगळं धान्य एकाच्या घराशेजारी का ठेवलं असेल? लिहिलेला एक शब्द नाही तरी नुसत्या भिंतींच्या रेषांवरून आणि मडक्यांवरून माणसं एवढं सांगू शकतात, हे समजलं की मूल पुस्तकातलं वाक्यसुद्धा वेगळ्या नजरेनं वाचायला लागतं.

एक दिवस, एक स्टेशन: मळवली

सहली खूप करायची गरज नाही, पण एखादी करावी आणि नीट करावी. पुणे लोणावळा लोकलनं मळवलीला उतरा, तिथून भाज्याची लेणी चालत जाण्यासारखी आणि पुढे लोहगड. होमस्कूलिंगचा खरा फायदा इथे आहे, मंगळवारी बुधवारी जा, शनिवार रविवार आणि त्यातून पावसाळा असेल तर तिथे फक्त गर्दी बघायला मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं.

भाज्याला चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या मोठ्या दालनात गेल्यावर मुलांना वर बघायला सांगा. छताला लाकडाच्या कमानी आहेत, आणि लाकडी सांगाडा एवढा जुना टिकलेला फार कमी ठिकाणी बघायला मिळतो. आता प्रश्न विचारा, डोंगरात कोरलेल्या गुहेला लाकडी कमानींची गरज काय? छत पडणार थोडंच आहे? खांब पण बघा, सरळ नाहीत, आत कललेले आहेत, लाकडी घराला तोल धरायला खांब तिरके ठेवावे लागतात तसे. म्हणजे कोरणाऱ्यांच्या डोळ्यासमोर लाकडाच्या इमारती होत्या, तशाच बांधायची सवय होती आणि तीच त्यांनी दगडात उतरवली. त्या लाकडी इमारती आज एकही उरलेल्या नाहीत, पण त्या कशा दिसत असतील ते हा दगड सांगतो. आमच्या धाकट्याला हे समजलं तेव्हा तो प्रत्येक खांबाला पाठ टेकवून किती कललाय ते बघत फिरत होता, बाकी काही नाही शिकला तरी चाललं असतं त्या दिवशी.

पुढे चौदा स्तूपांचा समूह आहे. ब्राह्मी लिपीचा तक्ता आधीच प्रिंट करून न्या. घरी आठवडाभर आधी मुलांना स्वतःचं नाव ब्राह्मीत लिहायला शिकवायचं, फार सोपं आहे, 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह, 'ग' म्हणजे उलटा व्ही. गुपित लिपी म्हणून पोरं एकमेकांना चिठ्ठ्या लिहितात, आणि मग लेण्यात एखादं ओळखीचं अक्षर खरोखर सापडलं की त्यांचा आनंद बघा.

मग लोहगड. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारं एकामागून एक आणि वाट सापासारखी वळत जाते. एका मुलाला वरच्या बुरुजावर उभं करा (मोठं माणूस सोबत पाहिजेच), दुसऱ्याला खालून वर यायला सांगा. वरच्यानं मोजायचं, खालचा किती वेळा आपल्याला दिसला आणि किती वेळ पाठ आपल्याकडे होती. खालच्यानं सांगायचं की दरवाजा कधी दिसला. हत्तीला धावत येऊन दारावर धडक मारायची तर जागा आहे का, पावलं टाकून मोजा. पाठ्यपुस्तकात "दुर्गम किल्ला" असं दोन शब्दांत येतं ते इथे पायाला समजतं.

आणि वर पोचल्यावर खरा प्रश्न. बौद्ध भिक्खूंची लेणी आणि किल्ले, मधे हजार दीड हजार वर्षं, तरी दोन्ही इथेच का? कार्ले, भाजे, बेडसे सगळी ह्याच पट्ट्यात का? उत्तर समोर दिसतं, बोरघाट. कोकणातल्या बंदरांवरून माल घाटावर यायचा तो ह्या वाटांनी, व्यापारी लेण्यांना दान द्यायचे, आणि नंतरच्या राजांना त्याच वाटांवर नजर ठेवायला किल्ला पाहिजे होता. आज एक्सप्रेसवे आणि रेल्वे पण तिथूनच जाते. हे मुलांनी स्वतः वरून बघून सांगितलं पाहिजे, तुम्ही तोंड बंद ठेवा, वेळ लागला तर लागू द्या.

लोहगड आता युनेस्कोच्या यादीत आहे, २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची एकत्र नोंद झाली, त्यातला जिंजी तमिळनाडूत आहे. घरी आल्यावर बारा किल्ले नकाशावर मांडायला सांगा आणि जिंजी एवढा लांब कसा, हे शोधायला द्या. एक अख्खा आठवडा त्यात जातो आणि राजाराम महाराजांचा सगळा काळ त्यातून निघतो.

कोकणाच्या बाजूला राहणाऱ्यांनी महाड घ्या. गांधारपाल्याची लेणी, जवळच रायगड आणि गावात चवदार तळं, तीन वेगळे काळ एका मुक्कामात.

पुरंदरचा तह, पत्त्यांसारखा खेळा

जून १६६५. मिर्झाराजे जयसिंगांनी पुरंदरला वेढा घातलेला, महाराजांना तह करावा लागला, तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा (होन म्हणजे सोन्याचं नाणं) मुलूख द्यायचा, बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख आपल्याकडे. पुस्तकात हे एका ओळीत संपतं आणि मुलांना वाटतं बरं, दिले किल्ले.

तसं न सांगता खेळ करा. पस्तीस कार्डं लहान मुलांना जास्त होतात म्हणून बारा घ्या, राजगड, तोरणा, रायगड, लिंगाणा, पुरंदर, कोंढाणा, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, रोहिडा, कर्नाळा. मोठा नकाशा जमिनीवर पसरा, कार्डं आपापल्या जागी ठेवा. मुलांना सांगा चारच ठेवता येतील, बाकी आठ द्यायचे, आणि प्रत्येक वेळी कारण सांगायचं. घरातलं एक माणूस जयसिंग, तो हट्ट करणार की मला कोंढाणा पाहिजेच. रडारड होते, खरंच होते, "पण हा तर घाटावर नजर ठेवतो, हा कसा देऊ?" अशी वाक्यं येतात. शेवटी खरं काय झालं ते उघड करा, ह्या यादीतले पहिले चार महाराजांकडे राहिले. मग नकाशावर बोट ठेवून बघा ते चार एकमेकांपासून किती जवळ आहेत, आणि विचारा की ह्यांनी हेच का राखले असतील.

अजून एक गोष्ट मुलांना फार भिडते. तह झाला तेव्हा संभाजीराजे आठ वर्षांचे होते. मोगलांची पाच हजारी मनसब, म्हणजे दरबारातला हुद्दा, त्यांच्या नावे झाली आणि पुढच्या वर्षी, १२ मे १६६६ ला आग्र्याच्या दरबारात वडिलांबरोबर तेही होते, तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचे. आपल्याच वयाचं मूल तिथे होतं हे कळलं की गोष्ट एकदम जवळ येते. त्यानंतर फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे कोंढाण्यावर गेले ती गोष्ट सांगा, आता मुलांना माहीत आहे तो किल्ला कसा गेला होता आणि तो परत घेणं म्हणजे काय.

एक पत्र, नीट वाचलेलं

नऊ दहा वर्षांपुढच्या मुलांना मूळ साधनं द्यायला घाबरू नका. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे महाराजांनी चिपळूणजवळ छावणीला असलेल्या आपल्या लष्करातल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं पत्र. भाषा जुनी आहे पण मोठ्यानं वाचली की बरीच समजते. पावसाळा तोंडावर आहे, घोड्यांसाठी दाणा वैरण साठवलीय, ती आत्ताच मनमानी संपवलीत तर भर पावसात घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरचं धान्य, गवत, लाकूडफाटा, भाजी उचलायला जाल, आणि लोकांना वाटेल ह्यांच्यापेक्षा मोगल बरे. इथपर्यंत राजा. पुढे मात्र अगदी घरातला माणूस बोलतो तसं आहे, कुणी चूल पेटवेल, कुणी तंबाखूसाठी आगटी करेल, गवत कुठे वारा कुठे बघणार नाही, रात्री दिवा तसाच ठेवाल तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या पेटतील.

उंदीर आणि वात हे ऐकल्यावर मुलं सरळ बसतात. एवढा मोठा राजा आणि उंदराचा विचार करतोय. मग प्रश्न विचारा. कोण लिहितंय, कुणाला, त्याला कसली भीती वाटतेय? अशा गोष्टी आधी घडल्या असतील का, नाहीतर एवढं बारीक का लिहिलं असतं? रयतेबद्दल काय वाटत होतं ते कशावरून कळलं? आमच्या मोठीनं एकदा ह्या पत्राला उत्तर लिहिलं, छावणीतल्या एका हवालदाराच्या वतीनं, त्यात त्यानं दिवे रात्री विझवायला माणूस नेमल्याचं कळवलंय. निबंध लिहायला सांगितला असता तर चार ओळी पण आल्या नसत्या.

स्वयंपाकघर

वरच्या पत्रात तंबाखू आलाय, तिथून धागा पकडा. तंबाखू मूळचा अमेरिकेतला, इकडे पोर्तुगीजांनी आणला. अजून काय काय आलं त्यांच्या जहाजांतून? मिरची, मका, काजू, पेरू, पपई. बटाटा, टोमॅटो, शेंगदाणासुद्धा मूळचे तिकडचेच. आता साबुदाण्याची खिचडी घ्या, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची, बटाटा तिकडचा. उपासाचं ताट बघून मुलं डोळे विस्फारतात आणि आजी पण.

मग एक दिवस ठरवा की वास्को द गामा १४९८ ला कालिकतला येण्याआधी जे मिळत होतं त्यातच जेवण करायचं. मिरची नाही, टोमॅटो नाही, बटाटा नाही. तिखट कशानं करणार? मिरे, पिंपळी, आलं, मोहरी. भाकरी, मुगाचं किंवा कुळथाचं कढण, वांगं, ताक, तूप, गूळ. मुलांनीच यादी करायची आणि प्रत्येक जिन्नसाला विचारायचं हा इथला का बाहेरचा, कशावरून. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, वनस्पतींच्या नोंदी चांगल्या आहेत, तिथे शोधायला बसवा.

आजी आजोबांची मुलाखत

आजी आजोबा म्हणजे घरात बसलेलं साधन. पण "तुमच्या लहानपणीचं सांगा" असं विचारलं की नेहमीच्या दोन गोष्टी येतात आणि संपतं. एक घटना धरा. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात १९७२ च्या दुष्काळाची आठवण निघतेच. प्रश्न बारीक हवेत, पाणी कुठून आणायचात, किती लांब? रेशनला काय मिळायचं? सुकडी खाल्लीय का, चव कशी होती? मिलो म्हणजे काय? खडी फोडायला कोण कोण जायचं, बायका पण? मजुरी काय होती? गुरांचं काय केलं? सुकडी म्हणजे दुष्काळात वाटलेलं कोरडं पौष्टिक खाणं, मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, आणि त्या दुष्काळी कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला हे मुलांना नंतर सांगा, आधी आजीचं ऐकू द्या.

पुण्यातल्यांना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, मुंबईत गिरणगावातल्यांना १९८२ चा संप, लातूर धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, मराठवाड्यात रझाकारांच्या आठवणी, गोव्यात १९६१ चा डिसेंबर. परदेशात राहणाऱ्यांनी हे व्हिडिओ कॉलवर करा, छान होतं, आणि मुलांचं मराठीही सुधारतं. रेकॉर्डिंग करताना आजीची परवानगी घ्यायला मुलाला शिकवा. काही आठवणी दुखऱ्या असतात, आजी गप्प झाली तर पुढचा प्रश्न विचारायचा नाही, चहा करून आणायचा.

दोघांच्या आठवणी जुळत नाहीत हे हमखास होतं, आजोबा म्हणतात एक, आत्या म्हणते वेगळंच. ते सोन्यासारखं आहे, मिटवू नका. दोन्ही लिहून ठेवा आणि तिसरं काही सापडतं का बघा, जुना फोटो, रेशनकार्ड, घराचा कागद. मोठ्या मुलांना मग सांगता येतं की शिवजन्माच्या तारखेचंही असंच झालं होतं. बखरींमध्ये १६२७ साल येतं, पण कारीच्या जेधे देशमुखांकडच्या शकावलीत, म्हणजे घटनांच्या तारीखवार नोंदींत, १६३० ची तिथी सापडली, राजस्थानात मिळालेल्या कुंडलीशी ती जुळली, आणि आता आपण १९ फेब्रुवारी १६३० धरतो. व्हॉट्सॲपवर "आपला खरा इतिहास" म्हणून जे येतं त्यालाही हीच चाळणी लावायची सवय मुलांना आपोआप लागते.

अवघड गोष्टी टाळू नका

घरी शिकवताना आपल्याला आवडणारा इतिहासच शिकवायचा मोह होतो, विजय, पराक्रम, किल्ले. मला हे मनापासून सांगायचंय की जात हा विषय वगळून महाराष्ट्राचा इतिहास शिकवताच येत नाही. आणि तो मुलांना समजतो, आपल्याला वाटतं त्यापेक्षा चांगला समजतो, फक्त पाण्यापासून सुरू करा. पुण्यात गंज पेठेत फुलेवाडा आहे, तिथे घेऊन जा. जोतिरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हे तिथे उभं राहून सांगा. मग महाड. १९२३ ला बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, महाडच्या नगरपालिकेनंही तसा निर्णय घेतला, तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसोबत जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं. मूल विचारतंच, ठराव झाला होता ना, मग? त्या "मग?" ला लगेच उत्तर देऊ नका. कायदा कागदावर असणं आणि गावात असणं ह्यातला फरक त्याला शोधू द्या, आजीच्या गावात पाणवठे किती होते तेही विचारू द्या. आमच्याकडे त्या दिवशी जेवताना कुणी फारसं बोललं नाही.

वय, वेळ, परीक्षा

सात वर्षांपर्यंत फक्त गोष्टी, हात लावून बघणं आणि चित्रं, लिखाण शून्य. आठ ते दहा खेळ, नकाशा, पट्टी, सहल. अकरापासून दोन साधनं समोरासमोर ठेवून बघणं. आठवड्यातून दोन वेळा तास दीड तास पुरतो, एक विषय महिनाभर चालला तरी चालेल. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ फुकट मिळतात, ती घ्या, पण शेवटी वाचायला, आपण शोधलेलं आणि पुस्तकातलं जुळतं का बघायला. तुमच्या जिल्ह्याचं गॅझेटिअर तुम्ही स्वतः वाचा, आसपास काय बघायचं ते त्यात हमखास सापडतं. पुण्यात असाल तर केळकर संग्रहालय एका दिवसात सगळं बघू नका, एकच दालन, तीन वस्तू निवडा, त्यांची चित्रं काढा, घरी या.

परीक्षेची काळजी बऱ्याच जणांना असते. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते आणि विषय निवडता येतात, सामाजिक विज्ञान घ्यायचंच असं नाही. घेतलं तरी शेवटच्या वर्षी उत्तरं लिहायचा सराव केला की होतं.

दिवाळीचा किल्ला, पण खरा

आता एवढं सगळं नको वाटत असेल तर फक्त हे करा. रेडीमेड पीओपीचा किल्ला आणू नका. एक खरा किल्ला निवडा, शक्यतो मुलांनी बघितलेला, नाहीतर राजगड घ्या, पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या आणि मधे बालेकिल्ला, आकार ओळखू येतो. सॅटेलाइट नकाशावर वरून बघून वर्तमानपत्रावर आराखडा काढायचा. मग विटा, दगड, पोती, वरून लाल माती.

नियम तीन. पाणी कुठे साठतं ते दाखवायचं, टाकी खोदायच्या, आणि टाक्यांतून निघालेला दगड तटबंदीला वापरायचे हे सांगायचं. दरवाजा समोरून दिसता कामा नये, दोन बुरुजांच्या मधे वळून आत. आणि धान्य वर कसं येतं ती वाट पाहिजे, खाली बाजारपेठ पाहिजे. मावळे मांडताना प्रत्येकाला काम द्यायचं, हा पहारेकरी, हा भिस्ती, ही दूध घेऊन वर येणारी बाई, हा कारकून हिशोब लिहितोय. किल्ला बघायला सोसायटीतली माणसं येतात तेव्हा माहिती मुलांनीच सांगायची, आणि कुणी काही विचारलं नि उत्तर माहीत नसलं तर "बघून सांगतो" म्हणायचं आणि खरंच बघून सांगायचं. माती चाळून घ्या, अळीव आदल्या रात्री भिजवून वसुबारसेच्या पाच सहा दिवस आधी पेरा, आणि पाणी हातानं शिंपडा, झारीनं घातलं तर तटबंदी वाहून जाते.